पोशीरची मुकी फायरवॉल

पोशीरच्या हरीभाऊंच्या घरातलं इंटरनेट मी स्वतःच्या हाताने बंद केलं, आणि मग ते का बंद पडलंय हे शोधायला भर दुपारी त्यांच्याच पत्र्यावर चढून बसलो. खाली त्यांच्या सुनेची नोकरी टांगणीला लागली होती. वर माझी बैठक भाजत होती. दोन्हींना कारण मीच, हे त्या वेळी फक्त एका यंत्राला ठाऊक होतं, आणि त्या यंत्राला गप्प बसायला मीच शिकवलं होतं.

माझा धंदा असा की लोकांनी मला फक्त वैतागलेल्या चेहऱ्याने पाहिलेलं आहे. पूर्वी टेलिफोनच्या तारा ओढायचो. लवकर निवृत्ती घेतली, तेव्हा बायकोला वाटलं आता हा घरी बसेल. कर्जतच्या एका लहानशा नेटवाल्याने मला उचललं आणि आता मी कर्जत-खालापूरच्या गावागावांत ब्रॉडबँडची तार घेऊन हिंडतो. तांब्याच्या तारेचं एक बरं होतं, ती भांडखोर होती. बिघडली की खरखरायची, कडकडायची, पावसाचा थेंब शिरला तर शेजारच्याचं बोलणं तुमच्या कानात घालायची. आताची तार काचेची, आतून प्रकाश जातो. काच सभ्य असते. काही बोलत नाही. भिवपुरीला एकाने जास्तीची तार छान गुंडाळून, गाठ मारून, वासराचं दावं बांधावं तशी खिळ्याला बांधून ठेवली होती. प्रकाशाला एवढी वळणं झेपत नाहीत, हे त्याला समजावताना मला घाम फुटला. तो म्हणत होता, "पण लाईट तर दिसत नाही तुमचा, मग वळला काय आणि न वळला काय."

आणि प्रत्येक गिऱ्हाइकाचं पहिलं वाक्य ठरलेलं. "आम्ही काही हात लावला नाही." मागच्या बाजूने तार उंदराने नव्हे, त्यांच्याच सुरीने कापलेली असते, पण हात कोणी लावलेला नसतो. या वाक्याची मी आयुष्यभर टिंगल केली.

आता लिनक्स. हे भूत माझ्या मानगुटीवर बसवलं मोहोपाड्याच्या टिपणीस साहेबांनी. कारखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. घरात जुन्या कॉम्प्युटरांचा ढीग. त्यांच्याकडे मी तार जोडायला गेलो आणि संध्याकाळपर्यंत शिष्य होऊन बाहेर पडलो. लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी एक फुकटची प्रणाली, भंगारात निघालेल्या यंत्रावरही पळते. असं एखादं यंत्र बाहेरून येणारी लाईन आणि घर यांच्या मध्ये बसवलं की तो घराचा राखणदार होतो. कोणाला आत घ्यायचं, कोणाला बाहेर जाऊ द्यायचं, हे नियम त्याला लिहून द्यायचे. या राखणदारीला फायरवॉल म्हणतात.

राखणदार फार आज्ञाधारक, हीच त्याच्यातली खोट. शिकत असताना मी कर्जतच्या घरात बसून भिवपुरीच्या एका यंत्राला हुकूम सोडला की बाहेरच्या कोणालाही आत घेऊ नकोस. त्याने तत्काळ ऐकलं. बाहेरचा म्हणजे मीसुद्धा, हे मला नंतर कळलं. स्कूटर काढून भिवपुरीला गेलो, यंत्रासमोर बसून हुकूम मागे घेतला आणि घरमालकाला सांगितलं की वार्षिक तपासणीला आलो होतो. त्याने चहा पाजला. वर्षातून दोनदा तरी या म्हणाला.

तर पोशीर. हरीभाऊ म्हणजे पिढीजात भातशेतीवाले, स्वभावाने लोण्याचा गोळा. मुलगा मोहोपाड्याला कंपनीत शिफ्टला जातो. सून सायली बदलापूरची, वर्षाची मुलगी पदरात. तिला घरबसल्या नोकरी मिळाली होती. कुठल्याशा विमा कंपनीच्या गिऱ्हाइकांचे फोन लॅपटॉपवर घ्यायचे. नोकरी कच्ची होती. सुरुवातीचे काही महिने आवाज तुटला, लाईन गेली, की तिच्या नावावर खूण पडायची. कायम झाली नाही तर लेकरू घरी ठेवून रोज ठाणं गाठायचं, आणि ते जमणार नाही म्हणजे नोकरीच सोडायची, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मोबाइलची रेंज त्या घरात एक कांडी, तीही पाहुण्यासारखी यायची. सगळी भिस्त माझ्या तारेवर.

हरीभाऊंनी मला ओटीवर बसवलं आणि आवाज खाली आणला.

"नाना, काय तरी इलाज करा. दुपारच्याला समदी भावकी आमच्या नेटवर. सायलीचा आवाज तुटतो."

"पासवर्ड बदला."

"बदलला ना. दुसऱ्या दिशी चंद्रावैनी आली, फोन पुढं केला. म्हणली, घाल रं हरी नवीन काय तो. काय सांगू तिला?"

"नाही म्हणून सांगा."

हरीभाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्यांना बैल कापायला सांगितला होता. चंद्रावैनी, म्हणजे आम्हा बाकीच्यांच्या चंद्राकाकी, त्यांच्या चुलतभावाची बायको, अंगणापलीकडचं घर. लावणीला या दोन घरांची सावड. आज त्यांची माणसं यांच्या शेतात, उद्या यांची त्यांच्या. शिवाय हरीभाऊंच्या नातीला रोज तेल लावून आंघोळ घालायची ती चंद्राकाकींनीच. अशा बाईला वायफाय नाही म्हणायचं?

"तुमीच बंद करा," हरीभाऊ म्हणाले. "पन त्यांना कळता कामा नाय."

इथे मी शहाणपणाने उठून घरी जायला हवं होतं. पण मला नुकतीच फायरवॉल यायला लागली होती, आणि नवी कुऱ्हाड हातात असली की मला सगळीकडे झाडंच दिसतात. टिपणीस साहेबांच्या ढिगातलं एक यंत्र राखणदार म्हणून त्यांच्या टीव्हीखाली बसवलं आणि त्यांना समजावलं. प्रत्येक फोनला, लॅपटॉपला एक नंबर असतो. जोडणी होताना यंत्र तो नंबर सांगतं. आपण राखणदाराला घरातल्या यंत्रांचे नंबर द्यायचे. बाकीच्यांना वायफाय लागेल, पासवर्ड चालेल, पण पुढे काही उघडणार नाही.

"आता नकार द्यायचे दोन प्रकार आहेत, हरीभाऊ. एकात राखणदार स्पष्ट सांगतो की बंदी आहे, परत जा. समोरच्याला लगेच कळतं. दुसऱ्यात तो बोलतच नाही. ऐकून न ऐकल्यासारखं करतो. समोरचा वाट बघत राहतो आणि त्याला वाटतं लाईनच खराब आहे."

हरीभाऊंचा चेहरा उजळला. "दुसरा घाला. जबाबच द्यायचा नाय."

मला त्यांना नावं ठेवायची नाहीत. उसने पैसे मागणाऱ्या मेव्हण्याच्या फोनला मीही हाच नियम लावतो.

"घरातले सगळे फोन इथे आणून ठेवा," मी म्हणालो. हरीभाऊंनी टीव्हीजवळचे, फळीवरचे, चार्जिंगला लावलेले, दिसले तेवढे फोन आणून माझ्यापुढे मांडले. सायलीने लॅपटॉप आणला. मी एकेकाचा नंबर घेत माझ्या लॅपटॉपवरून नियम लिहिले. मागच्या मोरीतून पोरीच्या रडण्याचा आणि चंद्राकाकींच्या गाण्याचा आवाज येत होता. म्हणजे ज्यांना बंद करायचं होतं त्या आत याच घरच्या पोरीला न्हाऊ घालत होत्या, आणि बाहेर समोरच्या ढिगात त्यांचाही फोन पडलेला होता. तो मी घरातला म्हणून नोंदवला. कोणाचा आहे हे विचारायचं मला सुचलं नाही, हरीभाऊंना सांगायचं सुचलं नाही. नियम कायमचे करून ठेवले, यंत्र बंद करून चालू केलं तरी जाऊ नयेत म्हणून. त्याचा मला अभिमानही वाटला.

उपाय लागू पडला. सायलीचा आवाज खणखणीत जायला लागला. आठवडाभराने काकींच्या मुलाचा, रमेशचा, फोन आला. वायफाय लागतंय पण काही येत नाही. आता आली पंचाईत. गिऱ्हाईक नसले तरी गिऱ्हाइकाची भावकी, गेलंच पाहिजे. मी गेलो, त्यांच्या घरात उभा राहून भिंतीकडे गंभीरपणे पाहिलं, स्विचबोर्डचा एक स्क्रू पिळला, परत सैल केला. काकींनी घावने वाढले.

"आईचा चालतो, आमचा कोनाचाच नाय," रमेश म्हणाला. "असा कसा ओ?"

कसा, ते मलाही कळेना. काकींचा चालायलाच नको होता. पण नेटवाल्याने लोकांसमोर गोंधळायचं नसतं. मी म्हणालो, "त्यांच्या फोनचा अँटिना जुन्या पद्धतीचा आहे. चांगला असतो." काकी खूश झाल्या. मी घावने संपवले आणि निघालो. वाटेत दोनदा वाटलं की परत जाऊन पाहावं. गेलो नाही.

मग तो दिवस आला. भातं निसवलेली, ऊन चढलेलं. सायलीच्या कच्च्या नोकरीचा शेवटचा दिवस. दुपारच्या जेवणानंतर तिची वरिष्ठ बाई शेवटपर्यंत लाईनवर राहून तिचे फोन ऐकणार आणि त्यावर ठरवणार. मला कोणी बोलावलं नव्हतं. मीच आपणहून गेलो, जाणत्या माणसाच्या थाटात.

"आज वायफायवर राहू नकोस, पोरी," मी सायलीला सांगितलं. "वायफाय म्हणजे हवा. मी तुला यंत्रापासून सरळ तार ओढून देतो."

"काका, चाललंय तसं चालू दे ना."

"ऐक माझं."

तार ओढली, लॅपटॉपला लावली. हिरवा दिवा लुकलुकला. आणि काही उघडेना. एकही पान नाही. मी टोक कापून नवं बसवलं. दिवा पुन्हा हिरवा, पान पुन्हा कोरं. बरं, म्हटलं, वायफायवर परत जा. जाताना नीटनेटकं व्हावं म्हणून जुनी जोडणी पुसून नव्याने जोडली. तेही लागलं, आणि तिथेही काही उघडेना.

वाचकहो, तुम्हाला कळलं असेल. लॅपटॉपच्या वायफायचा नंबर वेगळा आणि तारेच्या भोकाचा वेगळा. मी फक्त पहिला नोंदवला होता. आणि हल्लीचे लॅपटॉप असे लाजरे, की जोडणी पुसून पुन्हा जोडली तर ओळख लपवायला नवाच नंबर सांगतात. राखणदाराच्या दृष्टीने सायली दोन्ही वेळा परकी होऊन दाराशी आली होती, आणि परक्यांना जबाब द्यायचा नव्हता. मला मात्र एवढंच दिसत होतं की तारही मेली आणि वायफायही मेलं. दोन्ही एकदम मेली, म्हणजे बिघाड घराबाहेर. हा माझा निष्कर्ष. तर्कशुद्ध होता, अजूनही मला तसंच वाटतं.

माझा फोन जोडून पाहिला, त्यावरही काही नाही. निष्कर्ष पक्का. माझ्या फोनचा नंबर मी कधी नोंदवलाच नव्हता, ते आठवेल तर शपथ. राखणदार यंत्रात शिरून पाहावं तर त्याला पडदा नाही, टीव्हीखाली नुसता डबा. फोनवरून हाका मारल्या. ओ देईना. नियम लिहिलेला माझा लॅपटॉप कर्जतला घरी, चार्जर जळलेला. डबा बंद करून चालू केला. इमानदारीने उठला आणि पुन्हा गप्प बसला.

"काका, वेळ होत आली," सायली म्हणाली. आवाज शांत होता, पण हातातल्या हेडफोनची तार ती बोटाला इतकी गुंडाळत होती की बोट पांढरं पडलं होतं.

"बाहेरचाच फॉल्ट आहे," मी म्हणालो आणि शिडी लावली.

पत्र्यावरून तार चाचपत गेलो. कुठे दुमडलेली नाही, कुठे तुटलेली नाही. वर रेंज होती म्हणून टिपणीस साहेबांना फोन लावला.

"लाईनच्या डब्यावर दिवा कोणता?"

"हिरवा."

"मग लाईन आहे. काही बदललंस का?"

"नाही साहेब. काही हात लावला नाही."

हे वाक्य माझ्याच तोंडून बाहेर पडलं.

"फायरवॉल बघितलीस?"

"फायरवॉलचा काय संबंध साहेब? ती तर फक्त भावकीसाठी आहे."

मग साहेबांनी विचारलं, "भावकीसाठी म्हणजे?" मी सांगायला लागलो आणि सांगता सांगता माझंच बोलणं मला खटकलं, पण नक्की काय ते पकडता येईना. कारण तेवढ्यात खालून टाळ-मृदंग ऐकू आले. चंद्राकाकी अंगण ओलांडून येत होत्या, हातात फोन, फोनवर कीर्तन, मोठ्या आवाजात, एकदाही न अडखळता.

मी पत्र्याच्या कडेवरून वाकलो. "काकी, नेट कुठून येतंय तुम्हाला?"

"कुठून म्हंजी? हितूनच. तुझाच हाय ना?" त्या वर बघून म्हणाल्या. "तू वर काय करतोस?"

मी शिडीवरून कसा उतरलो ते सांगत नाही, एक पायरी चुकली एवढंच. आत आलो तोवर सायलीने काकींच्या हातातून फोन घेतलाही होता. चार्जिंगच्या वायरने तो फोन लॅपटॉपला जोडला, फोनच्या सेटिंगमध्ये एक बटण दाबलं, आणि फोनला मिळणारं नेट लॅपटॉपला मिळू लागलं. राखणदाराला वाटलं काकी कीर्तन ऐकतायत. पडद्यावर वरिष्ठ बाईंचा चेहरा आला तेव्हा सायली श्वास सोडून नुसती हसली आणि म्हणाली, "गुड आफ्टरनून मॅम."

"माझा कीर्तन?" काकींनी विचारलं.

"काकी, आज राहू दे ना," सायली कुजबुजली. "माझी परीक्षा आहे."

काकींनी नात उचलली, कडेवर घेतली आणि पायाने दार लोटून ओटीवर गेल्या. पोरीने भोकाड पसरलं तर तिला गोठ्याकडे नेलं, कोंबड्या दाखवल्या. रमेश काही विचारायला आला तर त्याला बोट ओठावर ठेवून हाकलला. ज्यांना गप्प करायला मी यंत्र बसवलं होतं, त्या बाईंनी सगळं आवार गप्प करून ठेवलं. मी भिंतीला टेकून उभा होतो. मला बसायला सांगायचं कोणाला आठवलं नाही, आणि तसंही भाजलं होतं.

फोनमागून फोन येत गेले. सायली कोणाला हप्ता समजावत होती, कोणाची समजूत काढत होती. एकदाही आवाज तुटला नाही. शेवटी त्या बाई काहीतरी बोलल्या. सायलीने हेडफोन काढला आणि ओटीवर येऊन म्हणाली, "घेतलं मला. कायम." आणि मुलीला घेण्याऐवजी काकींच्याच खांद्यावर डोकं ठेवलं.

"आता तरी काय झालं होतं ते बघूया," ती नंतर मला म्हणाली. "काका, हा डबा टीव्हीला जोडता येत नाही का?"

येतो. टीव्ही त्याच्या डोक्यावरच होता. ते मला दुपारभर सुचलं नव्हतं. जोडला आणि नियम पडद्यावर आले. आपण किती हाका ऐकून न ऐकल्यासारख्या केल्या तेही फायरवॉल मोजते. तो आकडा बघता बघता वाढत होता. त्यात रमेशच्या घरच्या हाका होत्या, सायलीच्या होत्या, आणि माझ्या स्वतःच्या तर बऱ्याच. मला तो पडदा झाकून टाकावासा वाटला.

हरीभाऊ शेतावरून आले ते नेमके तेव्हा. काकी टीव्हीसमोर उभ्या.

"माझा चालतो, सायलीचा नाय, रमेशचा नाय," काकी म्हणाल्या. "ह्यो काय परकार हाय, हरी?"

हरीभाऊंनी पायांवरच्या चिखलाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी नंबर, नियम, राखणदार असं बोलायला लागलो. काकींनी हात वर केला.

"म्हंजी आमचा तुमी बंद केलावता."

"सायलीचा आवाज तुटायचा गं वैनी," हरीभाऊ इतक्या हळू म्हणाले की त्यांचाच आवाज तुटल्यासारखा वाटला.

"मंग बोलायचा ना. दुपारच्याला कोन नेट लावतो ते मी बघला असता. दोन घरात मिळून भाताचा पानी वाटून घेतो, ह्यो काय मोठा हाय?" काकी वळून अंगणात गेल्या आणि तिथूनच रमेशला ओरडून सांगितलं की सायलीचं काम संपेपर्यंत कोणी फोन नेटला लावायचा नाही. पलीकडून "बरं" असा आवाज आला. बस. माझी फायरवॉल महिनाभर जे करत होती ते एका हाकेत झालं, आणि ती हाक आजतागायत पाळली जाते.

मी नियम पुसून टाकले. खरं सांगतो, पुसायच्या आधी सगळे एकदा परत वाचून घेतले. बनवलेली चीज होती. माझ्याच कामात मला इतकं पूर्ण यश आधी कधी आलं नव्हतं. कोणीच आत जाऊ शकलं नव्हतं.

शिडी, पक्कड, तारेचं वेटोळं उचलून मी निघालो. काकी ओटीवर बसून पोरीच्या पायाला तेल लावत होत्या. मी म्हणालो, "काकी, येतो. चूक झाली."

त्यांनी मान वर केली नाही.

"नाना, पुढच्या टायमाला नेट बंद कराचा असंल ना, तं मला सांग. मी ती वायरच उपटून टाकीन. तुझ्यापेक्षा लवकर व्हईल."